कुटुंबनियोजनातील कार्यविभागणी

कुटुंबनियोजनाचा सल्ला, साधनांचे वाटप, तपासणी, इंजेक्शन देणे, तांबी बसविणे, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची विचारपूस ही कामे एकट्या डॉक्टरकडे न ठेवता, प्रत्येक कामास लागणारे कौशल्य लक्षात घेऊन ती आरोग्यसेवेतील निरनिराळ्या दर्जांच्या कर्मचाऱ्यांत वाटून देण्याच्या पद्धतीस कार्यविभागणी म्हणतात. सेवा लोकांच्या घराजवळ नेणे, प्रतीक्षेचा व प्रवासाचा त्रास कमी करणे आणि डॉक्टरांचा वेळ ज्या कामांस त्यांचीच गरज आहे त्यांसाठी राखून ठेवणे, हे तिचे प्रमुख हेतू होत. या पद्धतीत काम केवळ खालच्या कर्मचाऱ्यावर ढकलले जात नाही. कामाबरोबर त्यासाठी लागणारे शिक्षण, साधने, अधिकार आणि अडचणीच्या वेळी वरच्या केंद्राचा आधार हेही त्याच्याकडे जावे, अशी अपेक्षा असते. हा फरक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात, आणि सोलापूर जिल्हा व त्याच्या परिसरात तर विशेषच, या कार्यक्रमाच्या इतिहासात कौशल्यांचे वाटप आणि लक्ष्यांचे वाटप या दोन्ही गोष्टी घडल्या असून त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध झाले आहेत.

विभागणीची गरज : कुटुंबनियोजनाच्या साधनांपैकी थोड्याच साधनांना शल्यचिकित्सकाची आवश्यकता असते. निरोध कोणीही देऊ शकतो. गोळ्या सुरू करण्यापूर्वी काही ठराविक प्रश्न विचारणे व रक्तदाब पाहणे पुरेसे असते. इंजेक्शनास सुईचे कौशल्य व नोंदीची शिस्त लागते. तांबी बसविण्यासाठी योनिमार्गाची तपासणी, निर्जंतुकता व हाताचा सराव यांची गरज असते. स्त्रीनसबंदी व पुरुषनसबंदी या मात्र शस्त्रक्रिया आहेत. असे असता सर्वच साधनांसाठी डॉक्टरची भेट आवश्यक ठरविली, तर सोप्या साधनांचा मार्गही अवघड साधनांइतकाच लांब होतो. परिणामी ज्यांना पाळणा लांबवायचा आहे अशी जोडपी काहीच न वापरता राहतात आणि दोन-तीन मुले झाल्यावर एकदम पाळणा थांबविण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळतात.

महाराष्ट्रात नेमके हेच चित्र दिसते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील एकूण जननदर प्रत्येक स्त्रीमागे १.७ अपत्ये इतका खाली आला आहे. परंतु विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची नसबंदी झालेली असून पुरुषनसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. तांबी, गोळ्या व इंजेक्शन ही अंतर राखण्याची साधने वापरणाऱ्यांची संख्या अल्पच आहे. म्हणजे जन्मप्रमाण घटले, तरी निवड करण्यास वाव वाढला असे म्हणता येत नाही.

सोलापूर जिल्ह्याची परिस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ असून त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) व त्यास जोडलेले मोठे शासकीय रुग्णालय सोलापूर शहरात आहे, तर करमाळ्यासारखे तालुक्याचे गाव तेथून शंभर किमी.हून अधिक दूर आहे. सांगोला व मंगळवेढे हे तालुके अवर्षणप्रवण. माळशिरस, पंढरपूर हा भाग उसाचा. अक्कलकोट तालुका कर्नाटकाच्या सीमेवरचा व द्वैभाषिक. साखर कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे साधारणतः ऑक्टोबर–नोव्हेंबर ते मार्च–एप्रिल या काळात, बीड व अन्य जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची हजारो कुटुंबे येथील फडांवर येतात व हंगाम संपताच परततात.

शहराची स्थितीही स्वतंत्र आहे. सोलापूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमाग व विडी हे उद्योग मात्र टिकून राहिले. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषिक विणकर समाजाची मोठी वस्ती असून तेथील हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. कानडी व दखनी बोलणारी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. विडीची मजुरी हजारी, म्हणजे वळलेल्या विड्यांच्या संख्येवर मिळते. त्यामुळे गोळ्यांच्या पाकिटासाठी किंवा तांबीची तपासणी करून घेण्यासाठी रुग्णालयात घालविलेला दिवस हा बुडालेल्या मजुरीचा दिवस ठरतो. शिवाय जे सांगावयाचे ते परक्या भाषेत, पुष्कळदा परक्या माणसांच्या रांगेत उभे राहून सांगावे लागते. याच गल्लीत राहणारी, तीच भाषा बोलणारी कार्यकर्ती दारापर्यंत आली तर यांतील बहुतेक अडचणी उरत नाहीत.

आणखी एक बाब विशेष काळजीची आहे. वरील पाहणीत १८ वर्षांच्या आत विवाह झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आढळले. सोलापूर जिल्ह्यात ते याहून बरेच जास्त होते. सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीस पहिले मूल लांबविण्याचे व दोन मुलांत अंतर ठेवण्याचे साधन मिळाले नाही, तर पंचविशीच्या आतच तिची दोन-तीन बाळंतपणे व नसबंदी उरकलेली असते. कोवळ्या वयातील बाळंतपणाचा धोका आई व मूल या दोघांनाही असतो. म्हणून येथे कार्यविभागणीचा प्रश्न हा केवळ प्रशासनाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

इतिहास : नको असलेल्या अपत्यजन्माचा प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही. विधवाविवाहास समाजाची मान्यता नसलेल्या काळात टाकून दिलेल्या अर्भकांच्या संगोपनासाठी पंढरपूर येथे १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम निघाला व पुढे तो प्रार्थना समाजाने चालविला. गर्भधारणा टाळण्याचे शास्त्रीय ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न त्यानंतर सुमारे अर्धशतकाने सुरू झाला.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. कर्वे हे डॉक्टर नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक होते व या मतांच्या प्रचारामुळे त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. या कार्यात त्यांना पत्नी मालतीबाई यांची साथ होती. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी चालविलेल्या समाजस्वास्थ्य या मासिकाने हा विषय मराठी वाचकांपुढे सातत्याने ठेवला. पुढे पुणे व परिसरात हेच काम करणाऱ्या शकुंतला परांजपे यांचेही शिक्षण गणिताचे होते. सल्ला देणे व साधन पुरविणे ही कामे डॉक्टरखेरीज इतर जाणकार व्यक्ती करू शकतात, याचे उदाहरण महाराष्ट्रात असे प्रारंभापासूनच घालून दिलेले आहे.

भारतीय कुटुंबनियोजन संघ १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झाला व त्याची शाखा पुढे सोलापुरातही काम करू लागली. भारत सरकारने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम स्वीकारला. पहिल्या दशकात भर दवाखान्यांवर होता. लोकांनी तेथे यावे अशी कल्पना होती. ती अपुरी ठरल्यामुळे १९६३ पासून कर्मचाऱ्यांनी लोकांकडे जावे असे विस्तारधोरण अंगीकारण्यात आले. १९६५ मध्ये लूप या गर्भाशयात बसविण्याच्या साधनाची मोठी मोहीम निघाली. लूप बसविणे हे काम मुख्यतः स्त्रीडॉक्टरांकडे होते आणि ग्रामीण भागात त्यांची संख्या फार कमी होती. फिरती पथके येत, लूप बसवीत व निघून जात. नंतर रक्तस्राव किंवा वेदना झाल्यास ऐकून घेणारे गावात कोणी नसे. थोड्याच काळात लूपविषयी भीती पसरली व मागणी कोसळली. साधन बसविणे व नंतरची विचारपूस ही दोन वेगळी कामे असून दुसरे काम गावात राहणाऱ्या व्यक्तीकडे नसेल तर पहिले वाया जाते, हा या मोहिमेचा धडा होय.

बहुउद्देशीय कर्मचारी : १९७० च्या सुमारास एकाच घरी हिवतापाचा कर्मचारी, देवी टोचणारा, कुटुंबनियोजन साहाय्यक व परिचारिका असे अनेक जण वेगवेगळ्या कामांसाठी येत. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने ही कामे एकत्र करून प्रत्येक उपकेंद्रावर एक स्त्री व एक पुरुष असे दोन बहुउद्देशीय कर्मचारी नेमावेत आणि तीन-चार कर्मचाऱ्यांमागे एक पर्यवेक्षक असावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील आरोग्यसेविका, आरोग्यसेवक व त्यांच्यावरील आरोग्य सहाय्यिका व सहाय्यक ही पदे याच विचारातून आकारास आली. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये याच्या पुढे जाऊन गावातीलच निवडक व्यक्तींना प्राथमिक आरोग्याचे शिक्षण द्यावे असे सुचविले व २ ऑक्टोबर १९७७ पासून आरोग्यरक्षक योजना देशात सुरू झाली. कर्तारसिंग समितीच्या रचनेतील पुरुष कर्मचाऱ्याची बाजू पुढे लंगडी पडत गेली. पुरुषांची बरीच पदे रिक्त राहिली व जी भरली गेली त्यांच्याकडे साथरोगांचे काम आले. कुटुंबनियोजन हे आरोग्यसेविकेचे, म्हणजे पर्यायाने स्त्रियांचेच काम, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली.

लक्ष्यांचे वाटप : आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) कामाच्या वाटपाने वेगळेच रूप घेतले. नसबंदीची लक्ष्ये राज्यांना, राज्यांकडून जिल्ह्यांना, जिल्ह्यांकडून तालुक्यांना व अखेर शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक व इतर शासकीय नोकरांना वाटून देण्यात आली. या लोकांना ना साधनांचे ज्ञान होते ना सल्ला देण्याचे शिक्षण; त्यांच्याकडे होता तो फक्त आकडा, आणि तो पुरा न झाल्यास पगार वा बढती अडण्याची भीती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे जानेवारी १९७६ मध्ये निघालेल्या नसबंदी मोहिमेत, आसपासच्या खेड्यांतून कामासाठी गावात आलेल्या माणसांना वाहनांत कोंबून नेऊन त्यांच्यावर बळजबरीने शस्त्रक्रिया करण्यात आल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; तथापि त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही व ते अमलात आले नाही.

१९७६–७७ या वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांवरील होत्या. पुढील वर्षी पुरुषनसबंदीची संख्या दोन लाखांच्या आत आली व त्यानंतर ती पूर्वपदावर आली नाही. पुरुषनसबंदी ही स्त्रीनसबंदीपेक्षा सोपी, कमी धोक्याची व कमी खर्चाची शस्त्रक्रिया आहे. सक्तीमुळे पुरुषांचा विश्वास उडाला आणि त्या साधनाचा भार स्त्रियांवर गेला. १९७७ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ करण्यात आले. लक्ष्यांची पद्धत मात्र राहिली. कैरो येथील १९९४ च्या लोकसंख्याविषयक परिषदेनंतर, १९९६ मध्ये, ती अधिकृतपणे रद्द झाली. बाहेरून पाहता १९७६ मध्येही काम अनेकांत वाटलेलेच होते. परंतु जे वाटले गेले ते कौशल्य नसून दडपण होते.

जामखेड व अन्य प्रयोग : याच दशकात सोलापूर जिल्ह्याच्या उत्तरेस, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे याच्या अगदी उलट प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यांत परिचारिका नेमण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न यशस्वी झाला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकविण्यास त्यांनी प्रारंभ केला. यांतील अनेक जणी निरक्षर होत्या व पुष्कळशा दलित समाजातील होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडला येत, एक-एक विषय शिकत, गावी जाऊन तो वापरत व अडलेले प्रश्न घेऊन पुन्हा येत. फिरते पथक गावात येई तेव्हा कार्यकर्तीने निवडून ठेवलेल्या रुग्णांची तपासणी होई. निरोध व गोळ्या देणे, गर्भवतीची नोंद ठेवणे, बाळंतपण करणे, नसबंदीसाठी इच्छुक जोडप्यास केंद्रात आणणे व नंतर त्यांची काळजी घेणे ही कामे त्यांच्याकडे होती.

या भागात प्रारंभी दरहजारी ४० च्या आसपास असलेले जन्मप्रमाण दोन दशकांत सुमारे निम्म्यावर आले. त्याहून महत्त्वाचा आहे तो घडलेला क्रम. कार्यकर्तीने प्रथम मुलांची वजने घेतली, अतिसारात पाणी-मीठ-साखर देण्यास शिकविले, लसीकरण करविले. मुले जगू लागली, तेव्हा आयांनी ‘आता पुरे’ असे स्वतःहून म्हटले. जिने आजारी मूल वाचविले तिच्या सल्ल्यावर गावाने विश्वास ठेवला. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

पुणे जिल्ह्यातील वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी, रायगड जिल्ह्यातील मांडवा येथे डॉ. नोशिर अंतिया यांनी असेच प्रयोग केले. सोलापूर–हैदराबाद मार्गावरील अणदूर (धाराशिव जिल्हा) येथे हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने ‘भारतवैद्य’ या नावाने गावातील स्त्रिया प्रशिक्षित केल्या. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातील स्त्रियांना नवजात अर्भकांची तपासणी करण्यास व जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देण्यास शिकविले. त्यामुळे नवजात मृत्युप्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रयोग कुटुंबनियोजनाचा नसला, तरी योग्य शिक्षण मिळाल्यास डॉक्टर नसलेली व्यक्ती नाजूक काम सुरक्षितपणे करू शकते हे त्याने दाखवून दिले.

अन्य देशांतील अनुभव : थायलंडमध्ये १९७० पासून साहाय्यक प्रसाविकांना प्रश्नांच्या यादीच्या आधारे गोळ्या देण्याची परवानगी मिळाली व गोळ्यांचा वापर झपाट्याने वाढला. बांगला देशात मतलब भागात १९७७ पासून स्त्री कार्यकर्त्या घरोघर जाऊन साधनांची निवड देऊ लागल्या. त्याच देशात सावार येथील गणस्वास्थ्य केंद्राने प्रशिक्षित स्त्री कार्यकर्त्यांकडून स्त्रीनसबंदीही करविली व त्याचे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि शस्त्रक्रियेची अशी विभागणी फारशा देशांनी स्वीकारली नाही. अशा अनुभवांचा आढावा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. निरोध व गोळ्या यांचे वाटप सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी करावे, इंजेक्शनही योग्य देखरेखीखाली त्यांना देता यावे, तांबी व त्वचेखाली बसविण्याची साधने प्रशिक्षित परिचारिका व प्रसाविका यांनी बसवावीत, असा त्यांचा आशय आहे.

भारतातील प्रचलित विभागणी : प्रचलित नियमांनुसार सुमारे एक हजार लोकसंख्येस एक आशा स्वयंसेविका, पाच हजारांस एक उपकेंद्र व तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण ठरविलेले आहे. डोंगरी व आदिवासी भागांसाठी उपकेंद्राचे व प्राथमिक केंद्राचे प्रमाण अनुक्रमे तीन हजार व वीस हजार आहे. आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर सुरू झाली. २०१३ मध्ये नागरी अभियान सुरू झाल्यावर सोलापूरसारख्या शहरांतील वस्त्यांतही आशा नेमण्यात येऊ लागल्या. कामांची वाटणी साधारणतः पुढीलप्रमाणे आहे.

आशा स्वयंसेविका नवविवाहित व पात्र जोडप्यांची यादी ठेवते, सल्ला देते, निरोध व गोळ्या घरपोच पुरविते. २०११ मध्ये सुरू झालेल्या घरपोच योजनेत निरोधाच्या किंवा गोळ्यांच्या पाकिटामागे १ रु. व तातडीच्या गोळीमागे २ रु. घेण्याची तिला मुभा होती. गोळ्या देण्यापूर्वी स्त्रीला उच्च रक्तदाब, कावीळ, तीव्र अर्धशिशी किंवा रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा त्रास आहे काय, ती तान्ह्या बाळाला पाजते काय, हे विचारणे आवश्यक असते. उत्तर होकारार्थी आल्यास स्त्रीला आरोग्यसेविकेकडे किंवा डॉक्टरकडे पाठविले जाते. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते; तिची आठवण ठेवण्यासही आशेची मदत होते.

आरोग्यसेविका तांबी बसविते व काढते, इंजेक्शन देते, रक्तदाब पाहते आणि दुष्परिणामांची तक्रार ऐकून घेते. तांबीच्या दोन प्रकारांपैकी एक पाच व दुसरा दहा वर्षे उपयोगी पडतो. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिका तांबी बसवू शकते. यामुळे स्त्रीची वेगळी खेप वाचते. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. २०१७ मध्ये त्याचा विस्तार झाला त्या वेळी पहिल्या मात्रेपूर्वी डॉक्टरने तपासणी करावी व पुढील मात्रा प्रशिक्षित परिचारिकेने द्याव्यात, अशी पद्धत घालून देण्यात आली. २०१८ पासून उपकेंद्रांवर नेमण्यात येऊ लागलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमुळे सल्ला व देखरेखीचा आणखी एक टप्पा गावाजवळ आला आहे.

नसबंदीचे काम प्रशिक्षित डॉक्टरांकडेच आहे. बिनटाक्याची पुरुषनसबंदी व लहान छेदाची स्त्रीनसबंदी प्रशिक्षित पदवीधर डॉक्टर करू शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक लागतो. गर्भपाताचे कामही १९७१ च्या कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरांपुरते मर्यादित आहे. ते परिचारिकांसाठी खुले करण्याची सूचना २०१४ च्या मसुद्यात होती. २०२१ च्या दुरुस्तीत तिचा समावेश झाला नाही.

सुरक्षितता : काम खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्याकडे गेल्याने धोका वाढतो, हा या पद्धतीवरील नेहमीचा आक्षेप आहे. तांबी व इंजेक्शन यांबाबत अनेक देशांतील अनुभव त्यास पुष्टी देत नाही. उलट एकाच डॉक्टरकडे काम एकवटल्याने होणारा अनर्थ नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढमधील बिलासपूरजवळ दिसला. तेथील शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या व त्यानंतर १३ स्त्रिया मृत्यू पावल्या. दिवसाला तीसहून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, असा नियम त्या वेळीही होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नसबंदीसाठी डॉक्टरांची यादी, संमतिपत्रक व नुकसानभरपाई यांविषयी आदेश दिले होते. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात त्याने शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. शिबिरे बंद करावयाची तर वर्षभर, रोजच्या रोज व जवळच्या केंद्रात सेवा मिळाली पाहिजे. आणि ती कार्यविभागणीशिवाय शक्य नाही.

यशाच्या अटी : या पद्धतीचे यश पुढील गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, प्रशिक्षण. तांबी बसविण्यास शिकलेल्या सेविकेस पुरेसा सराव मिळाला नाही, तर ती ते काम टाळू लागते व कागदावरची विभागणी कागदावरच राहते. दुसरी, पुरवठा. आशेच्या पिशवीतील गोळ्या महिनाभर संपलेल्या असल्या, तर दारी पोहोचलेली सेवा दाराशीच थांबते. तिसरी, वरच्या केंद्राशी जोड. रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीला आशा घेऊन जाईल तेथे तिची दखल घेणारे कोणी असले पाहिजे. अन्यथा लूपच्या मोहिमेची पुनरावृत्ती होते. चौथी, नोंदींचे सातत्य. इंजेक्शन घेतलेली ऊसतोड कामगार स्त्री तीन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात असते. तिच्याजवळील कार्ड तेथील सेविकेने मान्य करून पुढील मात्रा देणे आवश्यक ठरते. ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत ही मात्रा देता येते. त्यानंतर मात्र गर्भ राहिलेला नाही याची खात्री करावी लागते.

पाचवी अट मोबदल्याची आहे. आशा या शासकीय कर्मचारी मानल्या जात नाहीत; त्यांना प्रत्येक कामागे ठराविक रक्कम व राज्याकडून मानधन मिळते. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा असून मानधनवाढीसाठी त्यांनी २०२३ मध्ये मोठा संप केला. कामांची यादी वाढत गेली व मोबदला आणि दर्जा मागे राहिला, तर विभागणीस शोषणाचे स्वरूप येते. मोबदल्याची रचनाही निर्दोष असावी लागते. एका साधनासाठी जास्त व दुसऱ्यासाठी नगण्य रक्कम मिळत असेल, तर सल्ला नकळत जास्त रकमेच्या साधनाकडे झुकतो. अधिकृत लक्ष्ये रद्द झाली तरी वरून विचारला जाणारा ‘किती केसेस झाल्या?’ हा प्रश्न तेच काम करू शकतो.

सहावी अट गुप्ततेची. कार्यकर्ती गावातलीच असल्याने विश्वास मिळतो, पण बातमी फुटण्याची भीतीही असते. सासूला न सांगता गोळ्या घेणाऱ्या सुनेचे नाव आशेच्या वहीत असते. ती वही कोणास दाखवावयाची नाही, हा तिच्या प्रशिक्षणाचा भाग असला पाहिजे. सातवी, पुरुषांचा सहभाग. आरोग्यसेवकाने पुरुषांशी बोलणे, निरोध व पुरुषनसबंदी यांविषयीच्या शंका दूर करणे हे काम आजही बहुतांशी न वाटलेले आहे. आशा पुरुषाशी या विषयावर मोकळेपणाने बोलू शकत नाही व पुरुष कर्मचारी ते आपले काम मानत नाही. त्यामुळे सर्व जबाबदारी पुन्हा स्त्रीवरच येते.

मूल्यमापन : कार्यविभागणीचे यश केवळ किती शस्त्रक्रिया झाल्या किंवा किती पाकिटे वाटली यावरून मोजता येत नाही. किती साधनांतून निवड करता आली, निवडलेले साधन नको झाल्यास ते बदलता वा काढून घेता आले काय, त्रास झाल्यावर किती वेळात कोणी पाहिले, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे ‘नको’ ऐकले गेले काय, हे तिचे खरे निकष होत. बार्शीतील १९७६ च्या मोहिमेत व जामखेडच्या प्रयोगात एकाच भूभागातील, सारख्याच दारिद्र्यातील लोक होते आणि दोन्हींकडे काम डॉक्टरखेरीज इतरांवर सोपविलेले होते. एकीकडे वरून आलेला आकडा वाटला गेला व त्यातून भय उपजले. दुसरीकडे ज्ञान वाटले गेले व त्यातून विश्वास निर्माण झाला. करमाळ्याच्या वाडीतील अथवा सोलापूरच्या पूर्व भागातील अठरा वर्षांच्या विवाहितेस पहिले मूल केव्हा व्हावे हे ठरविता येणे, हे या कार्यविभागणीचे प्रयोजन असून तिच्या दारी येणाऱ्या कार्यकर्तीच्या पिशवीत काय आहे, तिला काय शिकविले आहे आणि तिच्या पाठीशी कोण उभे आहे, यांवरच ते सिद्धीस जाणे अवलंबून आहे.